घाट काय पळून जातोय व्हय?

...आन वर मलाच म्हन्त्यात, 'आबा, तुमचं नियोजन चुकलं!' नियोजन? आवं, पहाटं चारला उठलोय मी! अंघूळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पावणेपाचला गाडीत जाऊन बसलोय! घरातली उठायच्या आधी! तुमास्नी सांगतो, आमच्या शेळगावापासनं वरंधा घाट म्हंजी पाच तासांचा रस्ता. साडेसहाला निघालं तर साडेअकराला माणूस घाटाच्या डोक्यावर. आन आमी संध्याकाळी साडेपाचला कुठं? तर नीरेच्या पुलावर! अकरा तासांत सत्तर किलोमीटर! आवं, उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेल्या भरून, मधी पंक्चर काढून, डायवर झाडाखाली घोरून बी त्याच्या आधी पोचतो. बत्तीस वर्सं मीच त्यो ट्रॅक्टर चालवलाय, मला नका सांगू.

रस्त्यात काय बी खोट न्हाय. रस्ता झ्याक हाय. रस्त्याच्या कडंला पाव्हणं राहत्यात, तितं समदा घोटाळा हाय!

आता तुमी म्हनाल, ह्या म्हाताऱ्याला ह्या वयात घाट कशाला पायजे? मला कुठं पायजे? मला कशाला लागतोय घाट? आमच्या हितं रस्ता कसा... सरळ! इंदापुरात स्टेरिंग धरलं का बारामतीत सोडायचं. दोन्ही अंगाला ऊस, मधी कॅनॉल, भिगवणाकडं गेलं तर पाण्यात ती लाल पायांची पाखरं एका तंगडीवर उभी. मला तेवढं बास व्हतं. पर हिला घाट पायजे. ही म्हंजी आमची ठमाबाई. आन ह्यात चूक माझीच हाय, शेचाळीस वर्सांपूर्वीची.

त्याचं आसं झालं. हिला बघाया गेलो, तर सासरा म्हनला, 'पोरा, जमीन किती?' म्या म्हनलं, हाय थोडी. 'शिक्षाण?' म्या म्हनलं, चौथीत दोनदा बसलोय. 'मंग माझ्या लेकीला तू देणार काय?' आता काय सांगावं? तोंडाला आलं ते बोलून बसलो! म्हनलं, 'मामा, तुमच्या लेकीला अशा जागी न्हेईन... जितं ढग खाली आन माणूस वर!' सासऱ्यानं पानाचा डबा माझ्याम्होरं सरकवला. कुणीच कधी आसं बोललं नव्हतं त्याच्याशी. आन दाराआड ही उभी. हिनं ऐकलं. आवं, हिला काल काय भाजी केली ते आठवत न्हाय, पर ते वाक्य शेचाळीस वर्सं ध्यानात हाय!

पहिल्याच वर्सी म्हनली, 'न्ह्या.' म्या काय केलं सांगू? हसू नका. गावातल्या गुऱ्हाळावर न्हेलं. चिपाडाच्या ढिगावर चढवलं तिला वर, खाली कढईत रस उकळतोय, पांढरी वाफ निसती दाटून आलेली. म्या म्हनलं, 'बघ! ढग खाली, माणूस वर! झालं का न्हाय?' आठ दिवस बोलली न्हाय. नवव्या दिवशी बोलली ते मी हितं सांगत न्हाय, म्होरं बायामाणसं बसलीत.

तवापासनं दर वर्सी, 'पुढल्या वर्सी न्हेतो.' मधल्या काळात माझा चुलतभाऊ आबाजी, लोणी देवकरच्या कंपनीत व्हता, त्यो कंपनीच्या सहलींत आंबोली, ताम्हिणी समदं फिरून आला. आला तो आमच्याच वट्यावर! 'वैनी, आंबोलीला ढगात हात घातला तर हात वला हुतो!' 'वैनी, ताम्हिणीला धबधबा रस्त्यावर पडतो, गाडी आपोआप धुऊन निघती!' आवं, ही बया त्याला दुसऱ्यांदा भजी तळून घालती आन माझ्याकडं बघती. त्या बघण्यानं माझं निम्मं आयुष्य गेलंय.

तर ह्या वर्सी काय झालं, आमच्या माऊलीनं, म्हंजी आमचा पोरगा, बारामतीच्या एमआयडीसीत हाय, त्यानं जुनी का हुईना पर चार चाकाची गाडी घेतली. आन त्याच आठवड्यात हिच्या बचत गटाच्या बायांनी बस ठरवली. कुठं? वरंधा घाट! कवा? आयतवारी! गडी माणूस चालणार न्हाय! हिनं मला चुलीम्होरं बसवून सांगितलं, 'शनवारचा एक दिवस हाय तुमच्याकडं. तुमी दावलं तर तुमच्यासंगं बघते. न्हायतर आयतवारी मी बायांसंगं जाते. मंग जल्मभर म्हनू नका मी दावलं म्हनून.'

थट्टा न्हाय. आवं, मी जल्मात हिला एकच गोष्ट कबूल केलीय, आन ती दुसऱ्याच कुणाच्या बसमधनं बघून येणार? माऊलीला म्हनलं, रजा टाक. सून दिपाली म्हनली, 'आबा, पितरपाट चालूय, ह्यात कुठं फिरायला निघत्यात?' म्या म्हनलं, 'पितरं काय गाडीत बसत्यात व्हय गं? तू चल!'

आन मंग... मंग मी माती खाल्ली. शुक्रवारी रातच्याला भावकीच्या गुरूपवर आवाज टाकला. मला टायपाया येत न्हाय, बटन दाबून बोलाया येतं. आबाजीला जळवायचं म्हनून बोललो, 'ऐका मंडळी! उद्या सकाळी साडेसहाला आमी आमच्या गाडीनं वरंधा घाट बघाया निघतोय. लासुर्ण्यावरनं, बारामतीवरनं, पणदऱ्यावरनं, नीरेवरनं! ज्याला जळायचं त्यानं जळावं!'

झालं! आख्खा रस्ता सांगितला! गावांच्या नावांसकट, येळंसकट! आवं, आमच्याकडं दारावरनं पाव्हण्याची गाडी गेली आन थांबली न्हाय, तर पुढची तीन लग्नं त्या घरात कुणी जात न्हाय. न सांगता गेलं तर एकवेळ चालतं... डोळा चुकवून, काच वर करून, मान खाली घालून. पर सांगून? सांगून कसं जाणार?

साडेसहाला निघालो. सात वाजता लासुर्णं. फाट्यावर कोन उभं? साखरबाई! हिची थोरली भन. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून! माऊलीनं करकचून ब्रेक दाबला. म्या म्हनलं, 'अक्का, घाटाला निघालोय, येताना थांबतो.' अक्का म्हनली, 'आन घाट काय पळून जातोय व्हय? च्या घ्या!'

हे वाक्य ध्यानात ठेवा. ह्या वाक्यानं माझा जीव घेतलाय.

च्या म्हंजी निसता च्या असतो का? च्याआधी पाणी, पाण्याआधी पाय धुणं, च्याबरोबर पोहे, पोह्यांनंतर 'आता आलाच हायसा तर' म्हनून शिरा, शिऱ्यानंतर हिची आन दिपालीची वटी भरणं, मला टोपी-टावेल, आन मंग अक्काची गुडघ्याची तपासणी... म्हंजी फोटू! त्यो काळा फोटू उन्हाकडं धरून दावती, 'ह्यो बघ, हितली गादी झिजली.' म्या म्हनलं, 'अक्का, तुझ्या गुडघ्यात बी घाट दिसतोय, मी हितंच बघतो, पुढं जायाचीच गरज न्हाय!' समदी हसली. ही हसली न्हाय. हिनं घड्याळाकडं बघितलं. पावणेनऊ!

निघालो. निघालो तर निघालो, पर अक्कानं मागं गुरूपवर आवाज टाकला, 'गाडी आत्ता आमच्याकडनं सुटली!' एसटीच्या कंट्रोलरावानी! आता पुढल्याला पळाया जागाच न्हाय!

माळेगावच्या अलीकडं बापूसाहेब. माझ्या भनीचा नवरा. ते रस्त्यावर उभं ऱ्हात न्हाईत, त्यांना मान लागतो. त्यांनी काय करावं? आपली बैलगाडी आडवी लावली! 'या सावळाराव! आमच्या रस्त्यानं जाणार आन आमाला टाळणार?' म्या हात जोडलं, 'दाजी, पाया पडतो, हिला ढग दावायचेत. दुपारनंतर ढग ऱ्हात न्हाईत.' दाजी मिशीवर हात फिरवत म्हनलं, 'ढग जातील, घाट काय पळून जातोय व्हय? च्या घ्या!' पुन्ना पाणी, पुन्ना पाय धुणं. आवं, माझं पाय त्या दिवशी येवढं धुतलं का टाचंच्या भेगा बुजल्या! पुन्ना टोपी-टावेल. वर चार नारळ, अक्काकडचं बी चार. गाडीत माणसं चार, नारळ आठ. माऊलीनं गिअर टाकला का पायाखालनं नारळ गडगडत ब्रेकखाली!

आन ह्यात मला एक सांगायचं राह्यलं. सांगू का नको... सांगतो. हे वाक्य हाय ना, 'काय पळून जातोय व्हय'... हे माझंच हाय. मीच काढलंय ते. आमचं घर रस्त्याला. चाळीस वर्सं वट्यावर बसून मी जाणाऱ्या-येणाऱ्याला हाच धंदा केलाय. कोन इंदापूरच्या कचेरीला निघालाय, 'कचेरी काय पळून जाती व्हय? बस!' कोन लग्नाला निघालाय, 'नवरी काय पळून जाती व्हय? च्या घे!' एकाची तर खरंच गेली पळून, त्यात माझा काय दोष? मज्जा यायची हो! माणूस घाईत असला ना, का त्याला बसवायची मज्जाच येगळी. त्यो ढुंगण टेकतोय, उठतोय, घड्याळ बघतोय, गरम च्यानं तोंड पोळून घेतोय... आन मी आपला बशीत फुंकर मारीत निवांत! आता समजलं का, समद्यांनी मला का धरला?

बारा वाजता पणदऱ्यात पोचलो. तितं तर थांबणं भागच. व्याह्याचं घर! दिपालीचं माहेर! व्याही दादासो दारातच उभं, 'या या! योग बघा कसा, आज आमच्या तात्याचं पित्तर!' तात्या म्हंजी दादासोचा बाप, दिपालीचा आजा. जाऊन बारा वर्सं झाली.

आता पित्तराच्या दिवशी घरात आलेल्याला उपाशी लावत न्हाईत, हे तुमास्नी म्हाईत हाय. आन पित्तराच्या दिवशी कावळा शिवल्याबिगर कुणी जेवत न्हाय, हे बी म्हाईत हाय. म्हंजी मला घाट कवा दिसणार, हे कुणाच्या हातात गेलं? कावळ्याच्या!

पत्र्यावर पान ठिवलं. खीर, वडं, भजी, गवारीची भाजी, समदं. आन आमी खाली वर तोंड करून. साडेबारा. कावळा न्हाय. एक वाजला. दोन कावळं आलं, तारंवर बसलं, आन आमच्याकडं पाठ करून! दादासो म्हनलं, 'तात्याची कायतरी इच्छा राह्यलीय.' लगीच नवस सुरू. 'तात्या, बोअर घेऊ!' न्हाय. 'तात्या, धाकट्याचं लगीन ह्याच वर्सी करू!' कावळ्यानं चोच पुसली. दीड! ही माझ्या शेजारी उभी. पदरानं वारा घेती. मला त्या वाऱ्याची बी झळ लागतीय!

मंग काय केलं? गुपचूप पाण्याच्या टाकीमागं गेलो आन आवाज काढला. 'काव! काव!' म्या म्हनलं, एक कावळा वरडला का बाकीचं येत्यात. तर तारंवरचं दोन व्हतं ते बी उडून गेलं! आन पटांगणातनं एक आवाज आला. छबूबाई. तात्याची म्हातारी. पंच्याऐंशीची हाय, बाजंवर बसून असती, डोळ्यांनी दिसत न्हाय. म्हनली, 'सावळा, टाकीमागनं बाहेर ये. कावळ्याला बी तुझा आवाज वळखू येतो!'

आलो बाहेर. समदी बघत्यात. अडीच वाजलं. पोटात कावळं वरडाया लागलं, पत्र्यावर एक येत न्हाय! आन तवा मला... तुमास्नी सांगतो, तवा मला एकदम आठवलं. पत्र्याकडं तोंड केलं, हात जोडलं, आन बोलून टाकलं.

'तात्या, मला माफ कर. तुझी बस मीच चुकवली.'

बारा-तेरा वर्सं झाली असतील. इंदापूरच्या म्हाताऱ्यांची सहल निघाली व्हती, हरिहरेश्वरला, समुद्र बघाया. तात्या आदल्या दिवशी नातीकडं म्हनून आमच्याकडं मुक्कामाला. सकाळी सातला आमच्या फाट्यावरनं बस धरायची. साडेसहालाच पिशवी घेऊन तयार! नवी टोपी. म्या म्हनलं, 'तात्या, बस लेट हाय, आत्ताच फोन आला व्हता.' फोन कशाचा आलाय! 'बसा. समुद्र काय पळून जातोय व्हय? च्या घ्या.' तात्या बसला. बशीत च्या वतला. आन बस हारन वाजवीत म्होरनं निघून गेली. मी हसलो. पोट धरून हसलो. तात्या बी हसला, चांगला माणूस. म्हनला, 'जाऊ दे सावळा, पुढल्या वर्सी बघू.' पुढलं वर्स काय त्याला मिळालं न्हाय.

हे समदं मी त्या पटांगणात, व्याह्याच्या दारात, मोठ्यानं सांगितलं. सांगून झालं, आन मी नाक पुसाया टावेल काढला. टावेल तर दोन व्हतं. तेवढ्यात पत्र्यावर खडखड आवाज! कावळा! एक न्हाय, तीन! एकानं वडा उचलला, दुसऱ्यानं भजी, आन तिसऱ्यानं खिरीच्या द्रोणात डोकंच घातलं! दादासो माझ्याकडं बघत्यात, दिपाली बघती, ही बघती. शेवटी छबूबाई बाजंवरनं म्हनली, 'वाढा त्याला.'

मला वाटलं, चला, सुटलो! दोन घास खातो आन पळतो. म्हातारी म्हनली, 'माझ्या म्होरं बसवा. पोटभर वाढा. मी सांगत न्हाय तवर त्याला उठू देऊ नका.' म्या म्हनलं, 'आत्या, अडीच वाजून गेलं, हिला घाट...' म्हातारीनं आंधळ्या डोळ्यांनी बराबर माझ्याकडं बघितलं. 'आन घाट काय पळून जातोय व्हय?'

बसलो मांडी घालून. चार वाट्या खीर खाल्ली. तेरा वडं. म्हातारी हातानं चाचपून माझं ताट मोजायची, 'हितं मोकळं लागतंय, वाढ!' आन साडेचारला म्हनली, 'ऊठ आता. तात्या जेवला.'

पळालो. वाकता येत न्हाय येवढं पोट, गाडीत आता बारा नारळ, नीरेच्या पुलावर साडेपाच. माऊलीनं गाडी कडंला घेतली. म्हनला, 'आबा, अजून तीन तास. पोचू तवर अंधार. अंधारात ढग काय आन घाट काय?' गाडी बंद. पुलाखालनं नदी वाहतीय, सूर्य बुडाया निघालेला. ही उतरली, कठड्याला धरून उभी राह्यली. नदीवर जरासं पांढरं, वाफंसारखं काय तरी धरलेलं. मी शेजारी गेलो. माझं तोंड कुठं गप बसतंय! म्हनलं, 'ठमे, ते बघ खाली... ढगच की ते. आन आपण वर.' तिनं वळून बघितलं. म्हनली, 'गुऱ्हाळ झालं. आता पूल?'

गाडी वळवली. येताना कुणाकडं थांबलो न्हाय. कुणी थांबवलंच न्हाय! आता कशाला थांबवत्यात!

आयतवारी पहाटं पाचला बचत गटाची बस आली. बायांनी आधीच कायदा केलेला, कुणाच्या दारात थांबायचं न्हाय. लासुर्ण्याला साखरबाई रस्त्यात हात पसरून उभीच. बस थांबली, बायांनी तिला पोह्यांच्या डब्यासकट आत वढून घेतली आन बस निघाली! असली अक्कल मला का सुचली न्हाय?

दिवस उगवला, मी वट्यावर एकटाच. नऊ वाजता आबाजी आला. मुद्दाम आला, वळखतो मी त्याला. 'काय सावळा, कसा काय हाय घाट?' म्या म्हनलं, बस, च्या करतो. जल्मात पहिल्यांदा मी स्वतः च्या केला. साखर कुठंय ते हुडकाया अर्धा तास गेला, आन आबाजी वट्यावरनं विचारतोय, 'पळून गेली का काय साखर?'

साडेदहाला फोन वाजला. हिचा! तोंड दिसतंय तसला फोन. घेतला तर फोनवर काय बी न्हाय, समदं पांढरं. वरनं खालपतूर पांढरंफटक. म्या वरडलो, 'ठमे, काय दिसत न्हाय! फोन बिघडला वाटतं! समदं पांढरं झालंय!' तिकडनं बायांचा नुसता कालवा, वारा, आन त्यात हिचा आवाज... शेचाळीस वर्सांत हिचा असला आवाज मी ऐकला नव्हता. ल्हान पोरीवानी. 'आवं, बिघडला न्हाय! तेच ढग हायती! खाली हायती! मी वर हाय!'

मी फोन नीट धरला. आबाजी बी वाकून बघाया लागला. पांढऱ्याकडं दोघं बघत बसलो. मंग म्या हळूच म्हनलं, 'दिसलं का गं एकदाचं? मला बी दावायचं व्हतं तुला...' वाऱ्याचा आवाज. मंग म्हनली, 'आवं, या की तुमी बी कवातरी. घाट काय पळून जातोय व्हय?'

आन फोन बंद.

आबाजीनं बशी खाली ठिवली. म्हनला, 'सावळा, च्या बरा झालाय रे. अजून अर्धा कप टाक.' टाकला. बसलो त्याच्याम्होरं. आता मला तरी कुठं जायचंय?